चार नंबरचे फ्यूज

रंगाच्या कारखान्यात मी नोकरी केली हे कळलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. हात आता स्वच्छ आहेत. पण त्या काळी आमच्या खात्यातला माणूस कोणत्या रंगावर काम करतो हे त्याच्या कॉलरवरून ओळखता यायचं. धोबी आमचे कपडे घेत नसे. माझी पत्नी सुनंदा माझा शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची आणि उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या भाड्याच्या खोलीच्या मोरीतून कधी गुलाबी, कधी हिरवं पाणी वाहायचं. शेजारच्या सिंधी काकू दारातून विचारायच्या, "भाभी, आज कौनसी होली है?"

संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा असंच काही गमतीचं लिहायचं मी ठरवलं होतं. लिहायला बसलो आणि एकच माणूस पुन्हा पुन्हा समोर येऊन बसला. म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नगर जिल्ह्यातला. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते, शाळेची घंटा तेच वाजवायचे. त्यांना जेमतेम वाचता यायचं, त्यामुळे आमच्या घरी लिहिलेल्या गोष्टीला फार मान. कागदावर आहे म्हणजे खरं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. बोर्डिंगच्या मास्तरांनी सुट्टीतसुद्धा बसवून गणितं करून घेतली नसती तर मी रसायनशास्त्राचा पदवीधर झालो नसतो. त्यांचे उपकार मी अजून मोजतो आहे. ऐंशी सालच्या सुमारास अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो. वडिलांनी माझं नेमणुकीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या गल्लीला दाखवलं होतं.

लिहिलेल्या गोष्टीवरचा माझा हा विश्वास किती भाबडा होता हे परसूमल शेठने मला लवकरच दाखवलं होतं. त्याचं कॅम्प चारमध्ये कापड रंगवायचं लहानसं वर्कशॉप होतं. आमच्या प्रयोगशाळेत नापास झालेला माल तो घ्यायला यायचा. यंत्र सांगायचं की छटा बरोबर नाही. शेठ पोत्यातला चिमूटभर रंग तळहातावर घ्यायचा, त्यावर थुंकायचा, अंगठ्याने घासायचा आणि दारात जाऊन उन्हात बघायचा. "साहब, आपका मशीन फेल बोलता है. मेरा हथेली पास बोलता है." तीन वेळा असं झाल्यावर मी यंत्र उघडून बघितलं, तर आतला दिवा जुना होऊन पिवळा पडला होता. हातांना कळतं ते कागदाला कळतंच असं नाही, एवढा धडा मी तेव्हाच घ्यायला हवा होता. मी फक्त दिवा बदलला.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

रंग तयार होतो तो मोठ्या बंद पोलादी टाकीत. आम्ही तिला भांडं म्हणायचो. एका खोलीएवढं भांडं, मधोमध उभा दांडा, दांड्याला रवीसारखं रुंद पातं आणि वर मोटर. माल काढल्यावर आतल्या भिंतीला जाड खरवड धरते. ती काढायला माणसाला वरच्या गोल तोंडातून शिडीने आत उतरावं लागतं. आत माणूस आणि बाहेर कोणी मोटर चालू केली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. मोटरचे चिनी मातीचे तीन फ्यूज काढायचे आणि जो आत उतरणार त्याने ते स्वतःच्या खिशात ठेवायचे. बाहेर आल्यावर त्यानेच ते वायरमनच्या हातात द्यायचे. तो आत आहे तोवर मोटर सुरू करायची म्हटली तरी कोणाला करता येणार नाही, कारण फ्यूज त्याच्याच छातीवर. ही पद्धत कोणी काढली माहीत नाही. नियमांच्या पुस्तकात ती नंतर आली. वाचता न येणाऱ्या माणसाला पूर्ण सुरक्षित ठेवणारी अशी दुसरी युक्ती मी पुढच्या तीस वर्षांत पाहिली नाही.

गोमा आमच्याकडे भांडी साफ करायचा. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात एक ठाकूरवाडी आहे, तिथला. अंगाने काटक, भांड्याच्या तोंडातून सापासारखा आत सरकायचा. उतरण्याआधी फ्यूज कपाळाला लावून खिशात टाकायचा आणि वरून खिसा थोपटायचा.

एकदा असं झालं की गोमा फ्यूज खिशात घेऊनच घरी गेला. शिफ्ट संपली, त्याची गाडी चुकत होती, आणि तो पळाला. वाडीत ना फोन, ना काही. ते भांडं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभं राहिलं. गोमा परत आला तेव्हा सगळं खातं हसत होतं आणि आमचे मॅनेजर मात्र माझ्यावर भडकले होते. शिकलेला माणूस कशाला ठेवलाय, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

ते मला लागलं. घरी बसून मी प्लायवूडची एक फळी तयार केली. सहा भांड्यांसाठी सहा हुक, प्रत्येकाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने सुबक आकडे. फ्यूजवरही आकडे रंगवले. फळी माझ्या टेबलामागे लावली आणि सांगितलं की यापुढे फ्यूज खिशात नाही, इथे. वरिष्ठांना विचारलं नाही. आठवडाभर चालवून दाखवायची आणि मग त्यांना चकित करायचं, असा माझा बेत होता.

फळी लावली तेव्हा गोमा भाचीच्या लग्नासाठी रजेवर होता. पाचव्या दिवशी सकाळी कामावर आला. तीन आणि चार नंबरची भांडी साफ करायची होती, त्याच्याकडे चार नंबर आलं. मी फ्यूज मागितले. त्याचा हात खिशावर गेला.

"सायेब, खिशात ऱ्हाऊ द्या ना. जड नाय होत."

मी हसून फळीकडे बोट दाखवलं. आता इथे लिहिलेलं आहे, म्हटलं. त्याने आकड्यांकडे बघितलं, ते त्याला वाचता येत नव्हते. फ्यूज माझ्या हातात देऊन तो गेला.

तासाभराने तीन नंबर साफ झालं. वायरमन तीनचे फ्यूज मागायला आला, तेव्हा मी फोनवर होतो. परसूमल शेठच्या मालाबद्दलच बोलणं चाललं होतं. मी न बघता हात मागे नेला, हुकावरचे फ्यूज काढले आणि त्याला दिले. ते चार नंबरचे होते. त्याने आकडा वाचला, साहेबांनीच दिलेत म्हणजे चारही मोकळं झालं असेल असं धरून चारच्या जागी बसवले. चारच्या स्विचचा दांडा चालूच राहिला होता. तिसरा फ्यूज आत गेला आणि पातं फिरलं.

अर्धा फेराच फिरलं. ओरडणं ऐकून वायरमनने फ्यूज उपसले. गोमाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. जीव वाचला.

त्याला गाडीत घालून पाठवलं आणि मी माझ्या टेबलाशी परत आलो. पुढे मी जे केलं त्याला मी घाबरलो होतो याखेरीज दुसरं कारण नाही. मॅनेजर पोहोचायच्या आत मी फळी भिंतीवरून काढली आणि पिशवीत घातली. शिफ्टचा प्रमुख म्हणून अहवाल मीच लिहायचा होता. त्यात मी एक वाक्य लिहिलं: कामगाराने नियमाप्रमाणे फ्यूज स्वतःजवळ ठेवले नव्हते.

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हा तोच माणूस, जो फ्यूज घेऊन घरी गेला होता, म्हणजे मुळात विसराळू, असं सगळ्यांना लगेच पटलं. वायरमनला माझं वाक्य सोयीचं होतं. तो काही बोलला नाही आणि दोन-तीन महिन्यांत आखातात निघून गेला. ज्यांनी फळी पाहिली होती ते माझ्याच हाताखालचे लोक होते. गोमा बरा होऊन वाडीत परतला. खात्यात पुन्हा खिशाची पद्धत सुरू झाली आणि ती मी इतक्या कडकपणे पाळून घेऊ लागलो की माझं कौतुक व्हायला लागलं.

फळी घरी होती. सुनंदाला मी सांगितलं की कारखान्यातून टाकाऊ मिळाली. तिने ती स्वयंपाकाच्या ओट्यावर लावली आणि सहा हुकांना सहा कप टांगले. सात वर्षं मी त्या फळीवरच्या कपातून चहा प्यायलो. चार नंबरचा कप मी कधी घेतला नाही. सुनंदाला वाटायचं, त्याचा कान तुटका आहे म्हणून.

मी ख्रिस्ती आहे हे मिशनच्या उल्लेखावरून लक्षात आलंच असेल. माझी प्रार्थना कधी बंद पडली नव्हती, उलट वाढली होती. रोज पहाटे उठून मी त्या एका गोष्टीची क्षमा मागायचो आणि रोज उठताना वाटायचं की आज नीट मागितली गेली नाही, उद्या पुन्हा मागू. असा माणूस बाहेरून फार भाविक दिसतो.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा लहानसा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, प्रभू येशूने आपल्यासाठी स्वतःला दिलं त्याची आठवण म्हणून. आदल्या संध्याकाळी तयारीची प्रार्थना होते आणि आमच्याकडे रीत अशी की ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्याने आधी त्याच्याकडे जायचं, "सलाम" म्हणून हात हातात घ्यायचा आणि मगच भोजनाला यायचं. नळावरून भांडलेल्या दोन बाया शनिवारी एकमेकींना सलाम करायच्या आणि मंगळवारी पुन्हा भांडायच्या, हे आम्ही सगळे बघत होतो. पण शनिवार कोणी चुकवायचं नाही.

मी सगळेच शनिवार चुकवले. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असायची, रविवारी काम. इतर रविवारी मी दुपारची शिफ्ट घेऊन सकाळच्या उपासनेला जायचो. पहिल्या रविवारी मात्र सकाळची शिफ्ट मागून घ्यायचो. सहकाऱ्यांना वाटायचं, शिरसाठसाहेब आपल्याला रविवारची सकाळ मोकळी देतात, भला माणूस. सात वर्षं मी प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहिलो आणि त्यासाठी लोकांचे आभारही घेतले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका शुक्रवारी पाळकसाहेब घरी आले. आमच्या चर्चचे हे पाळक वयस्कर, नगरकडचेच, फार न बोलणारे. मंडळीने मला पंच म्हणून निवडलं आहे, हे सांगायला आले होते. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा वडीलधारा, आणि प्रभुभोजनाच्या वेळी तबक घेऊन रांगेतून फिरणारा. सुनंदाचा चेहरा उजळला. मी नाही म्हटलं. वेळ नसतो, म्हटलं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं की पहिल्या रविवारी तुमचीच ड्यूटी कशी येते.

मग मी सांगितलं. सगळं, त्या फळीखाली बसून. सुनंदा ओट्याशी उभी होती. माझं बोलणं संपलं तेव्हा तिने एक एक करून सहाही कप हुकावरून काढले आणि फडक्यावर उपडे ठेवले.

मला वाटलं होतं, पाळकसाहेब प्रार्थना करतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, त्या माणसाचं नाव काय. मी सांगितलं, गोमा.

"शिरसाठ, सात वर्षं तुम्ही प्रभूकडे क्षमा मागताय. ती त्याने पहिल्याच दिवशी दिली असेल. पण तुमच्या दोन्ही हातांत ही फळी आहे. घेणार कशी?"

मग ते म्हणाले की पुढचा पहिला रविवार नऊ दिवसांवर आहे आणि मध्ये एक शुक्रवार येतो.

त्या शुक्रवारी मी बदलापूरहून एसटी पकडली, फाट्यावर उतरलो आणि डोंगराची वाट चालू लागलो. फळी वर्तमानपत्रात गुंडाळून बगलेत होती. ती का घेतली होती ते मलाही नीट सांगता आलं नसतं. पुरावा नसेल तर मी ऐन वेळी काहीतरी गोड बोलून परत येईन, एवढं मी स्वतःला ओळखत होतो. वाटेत दोनदा मागे वळलो. दोन्ही वेळा उभ्या उभ्या प्रार्थना केली. सात वर्षांतल्या त्या पहिल्याच अशा प्रार्थना, ज्यांत मी क्षमा मागितली नाही. फक्त पाय चालू राहू देत, एवढंच मागितलं.

गोमा अंगणात बसून बांबूच्या पट्ट्या काढत होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. केस पिकले होते. त्याने मला ओळखलं.

"सायेब, वाट चुकलात का काय?"

त्याची बायको हिरा पाणी देऊन आत गेली. मी फळी उघडून जमिनीवर ठेवली आणि सांगितलं. तू त्या सकाळी फ्यूज खिशात ठेवायला निघाला होतास. मी काढून घेतले. या चार नंबरवर टांगले. मग फोनवर बोलता बोलता मीच चुकीचे काढून वायरमनला दिले. अहवालात हे लिहिलं नाही.

त्याने फळी जवळ ओढली. मला वाटलं, हातातला कोयता आता माझ्यावर येईल. आला असता तर मी हललो नसतो, असं तेव्हा मनात आलं, पण ते बहुधा खरं नसावं.

"म्हंजे मी इसरलो नव्हतो?" त्याने विचारलं.

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. तो रागावेल, रडेल, हाकलेल, याची केली होती. हळूहळू कळलं ते असं. अपघातानंतर शुद्धीवर आला तेव्हा ती सकाळ त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. दवाखान्यात त्याला लोकांनी सांगितलं की तू फ्यूज खिशात ठेवायला विसरलास. त्याने ते मानलं. एकदा फ्यूज घेऊन घरी आलोच होतो, तर दुसऱ्यांदा विसरलो असेन. वाडीत त्याचं नाव इसऱ्या गोमा पडलं होतं. बाजारातून मीठ आणायचं राहिलं की हिरा म्हणायची, याने पाय इसरला, मिठाचं काय. सात वर्षं माझ्याकडे माझा गुन्हा होता आणि त्याच्याकडेही माझाच गुन्हा होता. फरक इतका की तो आपलाच आहे असं समजून तो वागवत होता.

त्याने हिराला हाक मारली. ती दारात आली तसा मला म्हणाला, "परत सांगा. हिच्यासमोर."

मी परत सांगितलं. हिराने पदर तोंडाला लावला आणि गोमाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मग गोमाने कुबडी घेतली, फळी काखेत मारली आणि म्हणाला, "चला."

तो मला सासऱ्याच्या घरी घेऊन गेला. तिथे सांगायला लावलं. मग शेजारच्या घरी. मग वरच्या आळीला. प्रत्येक अंगणात तो फळी उभी धरायचा, चार नंबरच्या हुकावर बोट ठेवायचा आणि मला म्हणायचा, सांगा. तिसऱ्या घरी मी जरा आटोपतं घेतलं, तर मला थांबवून म्हणाला, "ते फोनवर बोलत व्हतात, ते ऱ्हायलं." मी ते घातलं. पाचव्या घरी तर त्यालाच सगळं इतकं पाठ झालं होतं की माझ्या आधी त्याचे ओठ हलत होते.

सगळीकडे लोक गप्प बसले असं नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं की मग सात वर्षं कुठे होतात. मी म्हटलं, भ्यालो होतो. तंबाखू थुंकून त्याची सून म्हणाली, "नोकरीला भ्याला." मी म्हटलं, होय. असं होय म्हणता येतं, आणि म्हटल्यावर माणूस मरत नाही, हे मला वयाच्या चाळिशीत त्या अंगणात कळलं.

पहिल्या घरी मी जमिनीकडे बघून बोललो होतो. सहाव्या-सातव्या घरी पोहोचेपर्यंत मला जाणवलं की मी लोकांकडे बघून बोलतो आहे. तीच वाक्यं, तीच लाज, पण आता ती माझ्या आत नव्हती. सगळ्या वाडीत वाटली गेली होती. पहाटेच्या खोलीत एकट्याने हजारदा म्हटलेली कबुली जडच होत गेली आणि इथे चढावर घामाने भिजत नऊदा म्हटलेली हलकी होत गेली. देवाला मी ऐकू जात नव्हतो असं नाही. त्याने मला ऐकायला ही माणसं ठेवली होती आणि मी त्यांच्याकडे जात नव्हतो.

शेवटचं घर त्याच्या आईचं. म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. तिला ऐकू येत नव्हतं. मी दोनदा सांगितलं, तिने दोनदा कानामागे हात नेला. गोमा म्हणाला, "जोरानं, सायेब."

मी ओरडलो, "आजी, चूक माझी होती! गोमाची नव्हती!"

समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला. अंगणाबाहेर जमलेले लोक हसले. म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"मंग एवढा वरडतो कशाला?" ती म्हणाली. "मी कवाच सांगितलं व्हतं, माझा पोर इसरायचा नाय."

उतारापर्यंत गोमा माझ्याबरोबर आला. फळी त्याने घरीच ठेवून घेतली होती. निघताना मी त्याला विचारलं की मला क्षमा करशील का.

"ते आज नका इचारू," तो म्हणाला. "आज माझं मला मोकळं झालंय. तेवढं बास झालं."

मी हो म्हटलं आणि उतरलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. त्याच्याकडून काही घेऊन जायला मी आलो होतो हेच चूक होतं. त्याचं जे माझ्याकडे होतं ते देऊन झालं होतं.

शनिवारी तयारीच्या प्रार्थनेला सुनंदा आणि मी दोघं गेलो. घरून निघताना तिने माझ्यासमोर हात केला आणि "सलाम" म्हणाली. तिच्याशीही मी सात वर्षं खोटं बोललो होतो, ते या गडबडीत मी विसरलोच होतो. तिचा हात मी धरून ठेवला.

रविवारी तबक रांगेतून आलं. पाळकसाहेब माझ्यासमोर क्षणभर थांबले असावेत, मी वर बघितलं नाही. भाकरीचा तुकडा घेतला. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी जाऊन जो झोपलो तो शिफ्टची वेळ झाली तरी जागा झालो नाही. सुनंदाने हलवून उठवलं. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत कामावर उशिरा पोहोचलो तो तेवढा एक दिवस.

सोमवारी मॅनेजरांना लेखी दिलं. त्यांनी ते वाचून माझ्याकडे परत सरकवलं. केस बंद होऊन किती वर्षं झाली, ते म्हणाले, तुमच्या चर्चचं काम चर्चमध्ये करा. मी म्हटलं, तिथलं झालं, पण अहवालावर सही मी इथे केली होती. नोकरी जाईल असं धरूनच मी गेलो होतो. गेली नाही. मला शिफ्टवरून काढून प्रयोगशाळेत बसवलं आणि निवृत्तीपर्यंत मी तिथेच राहिलो. माझ्या बरोबरीचे माझे साहेब झाले. मला त्याचं फारसं वाटलं नाही, असं लिहिलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. थोडं वाटलं. पण प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक नवा केमिस्ट मी आधी भांड्याशी नेला, गोमाची गोष्ट माझ्या नावासकट सांगितली आणि खिशाच्या पद्धतीला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यांच्यातल्या एकाच्याही शिफ्टमध्ये पात्याखाली माणूस सापडला नाही. नोकरीतल्या कशाचा अभिमान बाळगायचा तर मी याचा बाळगतो.

कंपनीने गोमाला फाटकावर बसून करायचं काम देऊ केलं. त्याने निरोप पाठवला की त्या वासात परत येणार नाही. पाय तर मी परत आणू शकत नव्हतोच. हे दोन्ही तसेच राहिले आहेत, आणि प्रभूने क्षमा केली म्हणून ते मिटले असं मी म्हणत नाही. क्षमा मिळालेल्या माणसालाही ते बघावं लागतं. आता मी ते सरळ बघू शकतो, इतकंच.

खूप मागे लागल्यावर सहाएक महिन्यांनी कंपनीने एक पत्र दिलं. गोमाने दिलेल्या सूचनेप्रमाणेच काम केलं होतं, त्याची चूक नव्हती, अशा चार ओळी आणि खाली शिक्का. मी येतो आहे असा निरोप वाडीतल्या एका कामगाराबरोबर पाठवला आणि शुक्रवारी निघालो. भाताची कापणी नुकतीच झाली होती. गोमा घरी नव्हता, टोपल्या विकायला वांगणीच्या बाजाराला गेला होता. मी पत्र हिराच्या हातात दिलं आणि परत निघालो, तर तिने वाट अडवली.

"सांगून गेलेत, सायेब आला तं जेवल्याबिगर सोडू नको. नवा भात हाय."

तिने पान मांडलं. भात, वरून कुळथाचं पिठलं, बाजूला सुकट. मी जेवायला सुरुवात करण्याआधी पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. ते मिळवायला मला सहा महिने लागले होते, म्हणून जरा ठासूनच वाचलं, शिक्क्याबद्दलही सांगितलं.

"हे तं तुमी त्या दिशीच सांगितलंत," ती म्हणाली, आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.